क्रूझ जहाजावर फिटनेस ट्रेनर व्हायचे असेल तर

जहाजावरच्या व्यायामशाळेत काम करण्याची इच्छा असलेले बरेच तरुण आपला अर्ज थेट जहाज कंपनीकडे पाठवतात आणि महिनोन्महिने उत्तराची वाट पाहत राहतात. उत्तर न येण्याचे कारण पुष्कळदा उमेदवाराच्या पात्रतेत नसते. अर्ज ज्या दारात टाकला ते दारच चुकलेले असते. कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका अशा मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर स्पा, सलून आणि व्यायामशाळा हा सगळा एकच विभाग असतो आणि तो ठेक्याने चालवायला दिलेला असतो. या ठेक्याच्या व्यवसायात सर्वांत मोठे नाव वनस्पावर्ल्ड या कंपनीचे आहे. जुने लोक तिला अजूनही स्टायनर म्हणतात, कारण स्टायनर लेझर या कंपनीच्या जहाजांवरील व्यवसायातूनच ती २०१९ मध्ये स्वतंत्रपणे उभी राहिली. त्यामुळे ट्रेनरच्या छातीवर जहाजाचा बिल्ला असला, तरी त्याचा पगार, त्याचे टार्गेट आणि त्याचा वरिष्ठ हे सगळे ठेकेदार कंपनीचे असतात. ही एक गोष्ट समजून घेतली की पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे आपोआप सुटतात.

भारतातून निघणाऱ्या जहाजांचा मार्गही विचारात घ्यावा. कॉर्डेलिया क्रूझेसचे एम्प्रेस हे जहाज सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागले. पूर्वी हेच जहाज रॉयल कॅरिबियनकडे होते. अशा जहाजावरचे प्रवासी बहुतांशी भारतीय असतात आणि सफरी थोड्या रात्रींच्या असतात. परदेशी जहाजाच्या डॉलरमधील कमाईशी तिथल्या वेतनाची तुलना करू नये. परंतु जहाजावरचे जीवन आपल्याला मानवते की नाही, हे घरापासून फार दूर न जाता कळण्याची ती चांगली संधी आहे.

आधी कोणती तयारी हवी

केवळ पीळदार शरीर आणि गल्लीतल्या जिममधला अनुभव यावर हे काम मिळत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर ओळखले जाणारे पर्सनल ट्रेनरचे प्रमाणपत्र हवे. अमेरिकेतील एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए या संस्थांपैकी एखादीचे किंवा ब्रिटनच्या पद्धतीचे लेव्हल ३ प्रमाणपत्र असेल, तर मुलाखत घेणाऱ्याला ते काय आहे हे समजावून सांगावे लागत नाही. एसीईसारख्या परीक्षेला बसण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडल्यास छाती दाबून जीव वाचवण्याच्या प्रशिक्षणाचे, चालू प्रमाणपत्र लागते. जहाजावर घेताना मात्र कंपन्या बहुधा २१ वर्षांची अट घालतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थेतून शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या मुलांचा पाया उत्तम असतो. तरीही त्यांनी त्या पदवीच्या जोडीला एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवावे, कारण कंपनीच्या मायामीतील कार्यालयात बसून अर्ज चाळणाऱ्या माणसाला आपल्या पदवीचे मोल माहीत असेलच असे नाही.

योग ही आपल्याकडच्या उमेदवाराची खरी जमेची बाजू आहे आणि ती आपलीच मुले अर्जात सर्वांत शेवटच्या ओळीत लिहितात, याचे मला फार वाईट वाटते. सांताक्रूझची १९१८ सालची योग संस्था, लोणावळ्याचे १९२४ सालचे कैवल्यधाम, पुण्याची अय्यंगार योगसंस्था ही नावे परदेशातील योग शिकणाऱ्यांना ठाऊक असतात. जहाजावर योगाचा वर्ग हा पैसे आकारून घेतला जाणारा वर्ग असतो, त्यामुळे तो चांगल्या रीतीने घेऊ शकणारा ट्रेनर कंपनीच्या दृष्टीने अधिक किमतीचा ठरतो. योगाबरोबर पिलाटेज आणि इनडोअर सायकलिंगचे वर्ग घेता येत असतील, तर अर्जाचे वजन आणखी वाढते. एकाच प्रकारच्या व्यायामात निष्णात असण्यापेक्षा चार प्रकारचे वर्ग नीट घेता येणे इथे अधिक उपयोगाचे आहे, कारण एका जहाजावर ट्रेनर एक किंवा दोन, फार तर थोडे अधिक असतात.

अनुभव कुठे मिळवावा, हा त्यापुढचा प्रश्न. शक्य असेल तर मुंबई, पुणे किंवा गोव्यातील मोठ्या हॉटेलच्या हेल्थ क्लबमध्ये एक-दोन वर्षे काम करावे. तिथे आज आलेला पाहुणा चौथ्या दिवशी निघून जातो, म्हणून पहिल्या पाच मिनिटांत ओळख करून घेणे, त्याची दुखणी विचारणे आणि एकाच सत्रात त्याला काहीतरी उपयुक्त देणे ही सवय लागते. जहाजावर नेमके हेच करावे लागते. वर्षभर तोच क्लायंट घेऊन काम करणाऱ्या ट्रेनरला हा वेग सुरुवातीला झेपत नाही.

इंग्रजी अस्खलित असावे लागत नाही, पण स्पष्ट असावे लागते. पाठ ताठ ठेवा, श्वास सोडा, गुडघा बोटांच्या रेषेत ठेवा, अशा सूचना वर्ग चालू असताना न अडखळता देता आल्या पाहिजेत. घरी आरशासमोर पूर्ण तासाचा वर्ग इंग्रजीत बोलून पाहावा, तो मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावा आणि ऐकावा. पहिल्यांदा ऐकताना संकोच वाटतो. आठव्या-दहाव्या वेळी आपल्या उच्चारातील अडचणी आपल्याच लक्षात येऊ लागतात. काही मॅनिंग एजन्सी, म्हणजे जहाजांना माणसे पुरवणाऱ्या संस्था, मार्लिन्स ही दर्यावर्दी लोकांसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा घेतात. तिच्यात ऐकणे आणि समजणे यावर भर असतो.

कागदपत्रे आणि त्यांचा क्रम

कायद्याच्या दृष्टीने जहाजावरचा ट्रेनर हा दर्यावर्दीच असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००६ च्या सागरी श्रम संहितेने, जिला जहाजावर सगळे एमएलसी म्हणतात, जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणाऱ्या माणसाला दर्यावर्दी मानले आहे. ही संहिता २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आली आणि भारताने तिला ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्यता दिली. ठेकेदाराचा माणूस म्हणून आपल्याला तिचे संरक्षण नाही, असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये.

दर्यावर्दी म्हटल्यावर त्याचे कागदही आलेच. वैध पासपोर्टची मुदत कराराच्या संपूर्ण काळाहून बरीच पुढे असावी. त्यानंतर इंडोस क्रमांक, म्हणजे भारतीय दर्यावर्दींच्या राष्ट्रीय नोंदणीतील आपला क्रमांक. मग एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे दर्यावर्दींच्या प्रशिक्षणाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, मूलभूत सुरक्षा अभ्यासक्रम: पाण्यात जीव वाचवण्याची तंत्रे, आग टाळणे व विझवणे, प्राथमिक उपचार, वैयक्तिक सुरक्षितता व सामाजिक जबाबदारी, आणि त्यांच्या जोडीला सुरक्षा कर्तव्यांचा अभ्यासक्रम. प्रवासी जहाजासाठी गर्दीचे नियंत्रण शिकवणारा अभ्यासक्रमही मागितला जातो. या सगळ्याला साधारण दोन आठवडे लागतात. पाण्यातील प्रशिक्षणात लाइफ जॅकेट घालून उंचावरून उडी मारावी लागते आणि उलटा झालेला तराफा सरळ करावा लागतो, म्हणून पोहता येत नसेल तर आधी दोन-तीन महिने गावच्या तरणतलावावर किंवा विहिरीवर जाऊन पाण्याची भीती घालवावी. पाण्यातला आणि आगीचा हे दोन अभ्यासक्रम दर पाच वर्षांनी ताजे करावे लागतात.

यानंतर सीडीसी, म्हणजे दर्यावर्दीची सरकारी पुस्तिका. ती नौवहन महासंचालनालयाच्या अखत्यारीत मिळते, तिची मुदत दहा वर्षांची असते आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. नौवहन महासंचालनालयाचे कार्यालय मुंबईत कांजूरमार्ग पूर्वेला आहे. अभ्यासक्रम घेणारी संस्था महासंचालनालयाने मान्य केलेली आहे का, हे त्यांच्या संकेतस्थळावरील यादीत पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये. वैद्यकीय तपासणीही मान्यताप्राप्त डॉक्टरकडेच करावी लागते आणि ते प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षे चालते. बऱ्याच जहाज कंपन्या आपल्या ठरवून दिलेल्या दवाखान्यात वेगळी तपासणी करायला लावतात, तिच्यात अमली पदार्थांची चाचणीही असते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. २०१६ पासून तिचे प्रमाणपत्र आयुष्यभर ग्राह्य धरले जाते.

अमेरिकेच्या बंदरातून जहाज पकडायचे असेल तर सी१/डी हा जहाजावरच्या कर्मचाऱ्यांसाठीचा व्हिसा लागतो. त्यासाठी कंपनीचे नियुक्तिपत्र हाती असावे लागते. युरोपातील बंदरातून जायचे असेल तर शेंगेन व्हिसा. यांतले काहीही नियुक्तीआधी स्वतःच्या खर्चाने, एजंटच्या सांगण्यावरून मिळवू पाहणे म्हणजे घाई आहे. माझा सल्ला असा की पासपोर्ट, ट्रेनरचे प्रमाणपत्र आणि सीपीआर आधी तयार ठेवावे. मूलभूत सुरक्षा अभ्यासक्रम आणि सीडीसी मात्र, ज्या कंपनीत अर्ज करत आहात तिची अट लेखी विचारून मगच करावेत, कारण काही कंपन्या यातील काही प्रशिक्षण स्वतः देतात.

पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहण्याविषयी

मुंबईला जहाजाच्या नोकऱ्यांची परंपरा जुनी आहे. गोव्याहून आलेले तारवटी, म्हणजे दर्यावर्दी, धोबी तलावाच्या परिसरातील आपापल्या गावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक निवासांत, उतरत, तिथल्या वेदीसमोर प्रार्थना करत आणि बोलावणे येईपर्यंत वाट पाहत. त्या काळी खबर तोंडी मिळायची आणि माणूस ओळखीचा असायचा. आता खबर मोबाईलवर येते आणि पाठवणारा कोण हे कळत नाही. म्हणून या बाबतीत मी जरा विस्ताराने लिहितो.

भारतात दर्यावर्दींची भरती फक्त नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या एजन्सीनेच करायची असते. या परवान्याला आरपीएसएल म्हणतात. मुंबईतील एजन्सीच्या परवाना क्रमांकात मुंबईचा संक्षेप असतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. एजन्सीचे नाव, क्रमांक आणि पत्ता या तिन्ही गोष्टी यादीशी जुळतात का ते पाहावे. एखाद्या खऱ्या एजन्सीच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन फसवणारे लोक असतात, आणि ते क्रमांकही खऱ्या एजन्सीचाच छापतात. म्हणून यादीत दिलेल्या दूरध्वनीवर स्वतः फोन करून, तुमच्याकडून मला असे पत्र आले आहे का, हे विचारावे. या एका फोनाने अनेकांचे लाखभर रुपये वाचले असते.

एमएलसीनुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल दर्यावर्दीकडून कोणतेही शुल्क घेता येत नाही. पासपोर्ट, दर्यावर्दीची राष्ट्रीय पुस्तिका, वैद्यकीय प्रमाणपत्र यांचा खर्च उमेदवाराने करायला हरकत नाही. व्हिसाचा खर्च मात्र जहाजमालकाने करायचा असतो. तेव्हा जॉइनिंग फी, फाइल चार्ज, जागा राखून ठेवण्याची अनामत, तिकिटाचे आगाऊ पैसे, असे कोणतेही नाव घेऊन कोणी पैसे मागितले, तर तिथेच थांबावे. नियुक्तिपत्र फुकटच्या ई-मेल खात्यावरून आले असेल, मुलाखत न घेताच निवड झाली असेल, किंवा दोन दिवसांत पैसे भरले नाहीत तर जागा जाईल अशी घाई लावली असेल, तर वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही. माझ्या ओळखीच्या एका होतकरू मुलाने आईच्या बांगड्या मोडून अशा एका कार्यालयात पैसे भरले. ते कार्यालय महिन्याभरात बंद झाले. तो मुलगा नंतर योग्य मार्गाने जहाजावर गेला, पण त्याची पहिली दोन कॉन्ट्रॅक्ट बांगड्या परत करण्यातच गेली. हे लिहिताना मला अजूनही त्रास होतो.

अर्ज आणि मुलाखत

अर्ज एक किंवा दोन पानांचा असावा. प्रमाणपत्राचे पूर्ण नाव, क्रमांक आणि मुदत वरच्या भागात यावी; कोणकोणते वर्ग घेता येतात ते स्पष्ट लिहावे; आणि आपले मोजता येण्यासारखे काम सांगावे. दरमहा किती सत्रे घेतली, किती क्लायंटनी पॅकेज पुन्हा घेतले, नवीन वर्ग सुरू केला तेव्हा किती लोक आले आणि तीन महिन्यांनी किती टिकले, हे आकडे खरे असतील तर तेच अर्जाचा कणा ठरतात. दंडाचे स्नायू दाखवणारे छायाचित्र पाठवू नये. नीटनेटक्या पोशाखातील, हसऱ्या चेहऱ्याचे साधे छायाचित्र पुरेसे आहे.

मुलाखत बहुधा ऑनलाइन होते आणि तिच्यात शरीरशास्त्राचे प्रश्न अपेक्षेपेक्षा कमी असतात. भर असतो तो संभाषणावर आणि विक्रीवर. मुलाखत घेणारा स्वतः प्रवासी बनतो आणि म्हणतो, मी सुट्टीवर आलो आहे, मला व्यायाम कशाला हवा. किंवा म्हणतो, हे फार महाग आहे. अशा वेळी किमतीचे समर्थन करत बसू नये. त्याला काय त्रास होतो ते विचारावे. कंबर दुखते असे तो म्हणाला, तर कधी दुखते, बसल्यावर की सकाळी उठल्यावर, पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का, डॉक्टरांनी काय सांगितले आहे, हे विचारून एक लहानशी हालचाल तिथेच करून दाखवावी आणि मग सांगावे की सफरीच्या सात दिवसांत तीन सत्रांत मी तुम्हाला घरी करता येईल असा एवढाच कार्यक्रम शिकवू शकेन. जो ट्रेनर ऐकतो, त्यालाच विकता येते. मुलाखत घेणाऱ्याला नेमके हेच पाहायचे असते.

उच्च रक्तदाब असलेल्या ७० वर्षांच्या प्रवाशाला काय द्याल, गुडघा बदललेल्या बाईंना काय टाळायला सांगाल, वर्ग चालू असताना कोणाला चक्कर आली तर काय कराल, या प्रश्नांची तयारी जरूर ठेवावी. लांब सफरींवर वयस्कर प्रवाशांचे प्रमाण मोठे असते. आरोग्यविषयक प्रश्नावली भरून घेतल्याशिवाय आपण कोणालाही वजन उचलायला लावत नाही, हे उत्तरात आले पाहिजे.

करारात काय वाचावे

निवड झाल्यावर आनंदाच्या भरात सही करणे हा या क्षेत्रातील दुसरा मोठा धोका आहे. ट्रेनरचे उत्पन्न बहुतेक ठिकाणी कमिशनवर अवलंबून असते. समजा, एका सत्राचे १०० डॉलर आकारले जातात आणि तुमचे कमिशन १० टक्के आहे. आठवड्याला ४० सत्रे झाली तर हातात ४०० डॉलर येतील, आणि १५ झाली तर १५० डॉलर. हे आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत, पण हिशेबाची रीत हीच आहे. म्हणून किमान हमी किती, कमिशन सत्रांवर किती आणि उत्पादनांच्या विक्रीवर किती, टार्गेट पूर्ण न झाल्यास टक्केवारी कमी होते का, टिपची वाटणी कशी होते, हे प्रश्न लेखी विचारावेत आणि लेखी उत्तरे जपून ठेवावीत.

कपातीचे कलम दोनदा वाचावे. गणवेश, विमा, जहाजावर जाण्याआधीचे प्रशिक्षण, त्या काळातील राहणे-जेवण, जाण्याचे विमानतिकीट, यांपैकी काय कोणाच्या खर्चाने आहे? करार मध्येच सोडला तर परतीचा खर्च कोणाचा? करार पूर्ण झाल्यावर घरी परत पाठवण्याचा खर्च एमएलसीप्रमाणे मालकाने करायचा असतो. कामाचे तासही त्याच संहितेत ठरलेले आहेत: कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती. कराराची मुदत साधारणपणे सहा ते नऊ महिन्यांची असते, आठवड्याचा पूर्ण सुट्टीचा दिवस नसतो. दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली कराराची प्रत आपल्याजवळ असलीच पाहिजे, कारण पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. जहाजावर तक्रारीची ठरलेली पद्धत असते, आणि भारतात नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया ही दर्यावर्दींची संघटना आहे.

प्राप्तिकराच्या बाबतीत आर्थिक वर्षात भारतात किती दिवस राहिलो याला महत्त्व असते आणि १८२ दिवसांचा हिशेब मध्यवर्ती असतो. जाण्यायेण्याच्या तारखांचे शिक्के नीट उमटले आहेत का ते विमानतळावरच पाहावे आणि पहिल्या वर्षी चार्टर्ड अकाउंटंटला भेटावे.

जहाजावरचा दिवस

प्रवासी चढतात तो दिवस सर्वांत धावपळीचा. दुपारपासून स्पाची सहल घडवायची, सोडतीची चिठ्ठी भरून घ्यायची, वर्गांची वेळापत्रके वाटायची आणि त्याच दिवशी सुरक्षा सरावासाठी आपल्या ठरलेल्या जागी उभे राहायचे. २०१२ मधील कोस्टा कॉन्कॉर्डियाच्या अपघातानंतर नियम बदलले आणि २०१५ पासून हा सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घ्यावाच लागतो. सात लहान आणि एक लांब भोंगा हा आणीबाणीचा संकेत. त्या वेळी ट्रेनर हा ट्रेनर राहत नाही. जिन्यावर उभे राहून लोकांना वाट दाखवणे किंवा लाइफ जॅकेट घालून दाखवणे हे त्याचे काम असते, आणि ते मनापासून करावे.

जहाज बंदरात न थांबता चालत असते तो सागरी दिवस म्हणजे कमाईचा दिवस. पहाटेपासून व्यायामशाळा भरते, सकाळी स्ट्रेचिंगचा मोफत वर्ग, मग पैसे आकारलेले वर्ग, दुपारी चयापचय, पोटाची चरबी, पाठदुखी अशा विषयांवर मोफत व्याख्याने आणि त्यांतून ठरलेल्या वैयक्तिक भेटी. बंदराच्या दिवशी प्रवासी उतरतात, काम हलके होते आणि पाळी असेल तर आपल्यालाही काही तास नासाऊ, कोझुमेल किंवा बार्सिलोना पाहता येते. काही कर्मचाऱ्यांना सुरक्षेसाठी जहाजावर थांबावेच लागते, त्यात आपला क्रमांक येईल तेव्हा कुरकुर करू नये.

आता विक्रीविषयी. हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शरीरातील चरबी आणि पाणी मोजणारे यंत्र, पायाच्या ठशावरून बुटात घालायचे तळवे, समुद्री शेवाळापासून बनवलेल्या गोळ्या, अशा गोष्टी ट्रेनरकडून विकून घेतल्या जातात आणि रोजच्या बैठकीत आकडा विचारला जातो. पहिल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये मलाही त्या बैठकीची धास्ती वाटे. पुढे मी स्वतःला एक नियम घालून घेतला: जे मी माझ्या वडिलांना सांगणार नाही, ते मी प्रवाशाला सांगणार नाही. चरबी मोजण्याचे यंत्र शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज काढते. आदल्या रात्री मद्य घेतले असेल किंवा लांबच्या विमानप्रवासाने शरीर कोरडे पडले असेल तर तो अंदाज बदलतो, हे प्रवाशाला सांगितले तर तो चिडत नाही, उलट विश्वास ठेवतो. शरीरातील विषारी द्रव्ये गोळ्यांनी निघून जातात, असे वाक्य कधीही उच्चारू नये. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. रक्त पातळ करणाऱ्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला शेवाळाचे उत्पादन देणे धोक्याचेही ठरू शकते. वैयक्तिक सत्रे आणि योगाचे वर्ग यांवर भर दिला, तर खरे काम विकूनही टार्गेट गाठता येते. त्याला जास्त मेहनत पडते, हे मान्य आहे.

समुद्रावरचा व्यायाम जमिनीवरच्या व्यायामापेक्षा वेगळा असतो. बऱ्याच जहाजांवर व्यायामशाळा वरच्या मजल्यावर, नाळेच्या म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या बाजूला असते. समोर अथांग पाणी दिसते, पण जहाजाचे खालीवर होणेही तिथेच अधिक जाणवते. समुद्र खवळलेला असताना ट्रेडमिलवर धावू देऊ नये, डोक्यावर वजन उचलायला लावू नये, तोल सांभाळायची आसने भिंतीच्या आधाराने किंवा बसून घ्यावीत आणि डंबेल्स कड्यांत अडकवून ठेवावीत. वृक्षासनाऐवजी वीरासन घेतले म्हणून वर्गाची गोडी कमी होत नाही. नवीन ट्रेनरला स्वतःलाही पहिले काही दिवस बोट लागते. हिरवे सफरचंद, आले, थोडे थोडे खाणे आणि क्षितिजाकडे पाहणे यांनी आराम पडतो, न पडल्यास जहाजावरच्या दवाखान्यात जावे. उलट्या-जुलाब झाले तर ते लपवू नयेत, कळवणे बंधनकारक असते. अमेरिकेतील ज्या आरोग्य संस्थेचे निरीक्षक जहाजाची स्वच्छता तपासतात तिचे संक्षिप्त नावही सीडीसीच आहे, त्यामुळे नवीन मुलांचा गोंधळ होतो. यंत्रे पुसणे, टॉवेल बदलणे हे आपलेच काम असते आणि त्या तपासणीत तेही पाहिले जाते.

खोली लहान असते, बहुधा दोघांत एक, पाण्याच्या पातळीजवळ किंवा तिच्याखाली, खिडकीविना. जेवणात भात आणि आमटीसारखे काहीतरी मिळते, कारण जहाजावर भारतीय पुष्कळ असतात. तरी लोणच्याची एक बंद बाटली आणि मेतकूट सोबत न्यावे. काही बंदरांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यावर कडक निर्बंध असतात, म्हणून न उघडलेली, छापील वेष्टनातीलच वस्तू घ्यावी आणि विचारल्यास जाहीर करावी. मद्याबाबत जहाजांचे नियम कठोर असतात, कधीही चाचणी होते आणि मर्यादा ओलांडल्यास पुढच्या बंदरात उतरवतात. अमली पदार्थांच्या बाबतीत कोणतीही सवलत नाही.

कॉन्ट्रॅक्ट संपत आले की शेवटच्या आठवड्यात काही गोष्टी मागून घ्याव्यात: सेवेचे प्रमाणपत्र, सीडीसीतील साइन ऑन आणि साइन ऑफच्या, म्हणजे जहाजावर रुजू झाल्याच्या आणि उतरल्याच्या, नोंदी, कामाच्या मूल्यमापनाची प्रत आणि कमिशनचा शेवटचा हिशेब. घरी आल्यावर हे कागद मिळवायला अनेक महिने पत्रव्यवहार करावा लागतो. पुढच्या कॉन्ट्रॅक्टसाठी बोलावणे येण्याआधी ट्रेनरच्या प्रमाणपत्राची मुदत पाहून घ्यावी. एसीईचे प्रमाणपत्र दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी २० तासांचे पुढील शिक्षण पूर्ण करावे लागते; ते सुट्टीत घरी असतानाच करून टाकावे, कारण जहाजावरच्या इंटरनेटवर ते होत नाही.